समुद्र पचला, पुढे काय?

कॉमिक्समधलं एखादं पात्र पाण्यावर हुकूम चालवतं, तेव्हा आपण लाट किती उंच गेली तेवढंच पाहतो. ती परत कुठे ठेवली, हे पाहायला हवं. १९६३ साली अ‍ॅक्वामनच्या अंकात आलेली मेरा पाणी दगडासारखं घट्ट करते, त्याच्या भिंती उभारते, शत्रूवर फेकते. (अ‍ॅक्वामन १९४१चा, पण त्याची सत्ता मुळात जलचरांवर, पाणी वाकवते ती त्याची बायको.) लढाई संपते, चौकट बदलते, आणि एवढं पाणी कुणाच्या शेतात शिरलं हे पुढच्या पानावर कुणी विचारत नाही. आपल्या अगस्त्याच्या कथेत मात्र विचारलं आहे. समुद्रात दडलेले कालेय दानव उघडे पडावेत म्हणून तो समुद्र पिऊन टाकतो. काम झाल्यावर देव म्हणतात, आता पाणी परत द्या. अगस्त्य सांगतो, ते तर पचलं! मग भगीरथ गंगा आणेपर्यंत समुद्र कोरडाच.

कडोदऱ्यात हा फरक पुस्तकी राहत नाही. सुरतेजवळच्या या पट्ट्यात कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या मिल आहेत, आणि रंगाई हा पाण्यावर चालणारा धंदा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं सुरत भागात पोटासाठी आली ती जणू तापीच्याच उतारानं. मुलताईला उगवलेली ही नदी खानदेश ओलांडून उकाईला अडते. १९७२ मध्ये पूर्ण झालेलं उकाई धरण म्हणजे पाण्यावरची खरीखुरी हुकमत. पण सिंचनाला आणि विजेला ते भरलेलं हवं, पूर रोखायला रिकामं. एकाच तलावाकडून दोन्ही मागायचं. ऑगस्ट २००६ मध्ये वरून लोंढा आला, दरवाजे उघडावे लागले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. दरवाजे हातात होते, पाणी ठेवायला जागा उरली नव्हती. असा पेच मेरापुढे कुणी कधी टाकेल का?

कुणी म्हणेल, कॉमिक्स म्हणजे पाटबंधारे खात्याचा अहवाल नव्हे; मुलांना लाट उसळलेली पाहू द्या. खुशाल पाहू द्या. दहाव्या वर्षी लाट पुरतेच; टाकी भरली का हा प्रश्न घर चालवायला लागल्यावर पडतो. पण परिणाम दाखवला की गंमत जाते, हे मला पटत नाही. अगस्त्याच्या कथेतली सगळ्यात गमतीची जागा ‘ते पचलं’ हीच आहे.

शिवाय कॉमिक्सच्या घरातच एक दाखला आहे. इंद्रजाल कॉमिक्ससाठी आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये बहादूर हा नायक घडवला, कसलीही दैवी शक्ती नसलेला. २००७ पासून तेच सुरती मुंबईजवळच्या मीरा रोडला रविवारी प्लंबर घेऊन घरोघरी फिरू लागले, गळके नळ फुकट दुरुस्त करत. उकाईतून सुटणाऱ्या लोंढ्यापुढे नळाचा थेंब तो काय, हा आक्षेप बरोबर आहे. त्या तराजूत तो कधीच बसणार नाही. मात्र वॉशर बदलला की पाणी होतं तिथेच राहतं, कुणाच्या दारात शिरत नाही, कुणाचं आटत नाही. चित्रकाराची तेवढी पंचाईत: काढायला ना लाट, ना शिंतोडा, नुसता बंद नळ.