पहिली जांभई

शिंक आली की आपण देऊन मोकळे होतो, भूक लागली की ताट घेतो. झोप आली की मात्र म्हणतो, ‘थांब गं जरा!’ आयुर्वेदाच्या चरकसंहितेत चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले, त्यांत शिंक आहे, भूक आहे, तशी झोपही आहे. ती रोखली की जांभया, अंगदुखी, डोकेदुखी, डोळ्यांवर झापड. उपाय दोनच: झोपणे आणि अंग चेपून घेणे. दुसऱ्यासाठी हल्ली माणूस कुठून आणायचा, हा प्रश्नच आहे.

घरात दोन वर्षांचं पोर असलं की हा वेग डोळ्यांसमोर दिसतो. आधी ते डोळे चोळतं, मग कान ओढतं, आईच्या खांद्यावर गाल घासतं. पण पाहुणे बसलेले असतात. कुणीतरी त्याला गुदगुल्या करतं, ‘नाच करून दाखव’ म्हणतं. अर्ध्या तासाने तेच पोर घरभर धावत सुटतं, कारण नसताना खिदळतं आणि शेवटी भोकाड पसरतं. आजी कोपऱ्यातून म्हणते, ‘झोप मोडलीत ना त्याची? आता बसा बारापर्यंत जागत!’

मोठ्यांचं वेगळं काय होतं? जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं, त्यानेच पेंग येते. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. पेंग कळेनाशी होते, साचलेलं मात्र तसंच राहतं. संध्याकाळी सहाला कॉफी घेतली, तर अकराला त्यातलं निम्म्याच्या आसपास कॅफिन अजून अंगात असतं. वर पांढरेफटक दिवे आणि मोबाइल, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिनही लांबणीवर. मग बारा वाजता टक्क डोळ्यांनी आपणच विचारायचं, झोप का येत नाही?

‘झोप आली की झोपा’ हे रात्रपाळीच्या नर्सला सांगण्यात अर्थ नाही. पहाटे तीन-चारला तिचं शरीर गादी मागत असतं आणि ती तोंडावर पाणी मारून सलाईनचे थेंब मोजत असते. तिचं जागरण कुणाच्या तरी जिवासाठी असतं. आपलं बहुतेक वेळा मालिकेच्या पुढच्या भागासाठी.

तेव्हा आज पहिली जांभई आली की उठा. फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, दिवा मालवा. पुढचा भाग उद्याही तिथेच असेल.