लागले त्याने सांगावे

ज्या देशात सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही, त्याच देशात पिस्तुलाची हुबेहूब प्रतिकृती असणारे खेळणे जन्माला यावे, यात वरवर पाहता विसंगती वाटते. खरे पाहता ती विसंगती नाही. माणसाकडून शस्त्र काढून घेता येते. परंतु शस्त्राच्या आकाराविषयी त्याच्या मनात असलेले कुतूहल काढून घेता येत नाही. जपानच्या बाबतीत हे कुतूहल जुने आहे. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा नावाच्या बेटावर बंदूक आली आणि पुढे त्या बेटाचे नावच तोड्याच्या बंदुकीला चिकटले. १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या हातातील तलवारी आणि इतर शस्त्रे सरकारजमा करविली. महायुद्धातील पराभवानंतर, १९५८ च्या कायद्याने, बंदुका आणि तलवारी बाळगण्यावर कडक निर्बंध आले. शस्त्र हातून जाणे ही तेथील समाजाला नवी गोष्ट नव्हती.

मागे उरलेल्या कुतूहलाने मग स्वतःसाठी वाट शोधली. प्रथम आल्या त्या कसलाही मारा न करणाऱ्या धातूच्या प्रतिकृती. त्याही खऱ्या वाटू लागल्या, तेव्हा १९७१ मध्ये कायद्याने ठरविले, की पिस्तुलाच्या घाटाच्या अशा प्रतिकृतींची नळी बुजलेली असावी आणि रंग पांढरा किंवा पिवळा असावा. त्यानंतरच्या दशकात प्लॅस्टिकच्या देहाची आणि हवेच्या दाबाने हलका छर्रा फेकणारी बंदूक रुळली. तिला तेथे ‘एअरसॉफ्ट’ म्हणतात. शब्द इंग्रजी अवयवांचा असला तरी घडण जपानी आहे. इतर अनेक उसन्या शब्दांप्रमाणे तोही परका वेष घालून घरातच वाढला. १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने फामास या फ्रेंच रायफलीच्या रूपात विजेवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि तेव्हापासून हा खेळ सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आला. दिवाळीतील टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे ज्याची ओळख गेलेली नाही, त्या मराठी वाचकाला हा प्रौढांचा खेळ आहे हे प्रथम ध्यानात घ्यावे लागेल.

असाच एक प्रौढ, म्हणजे नुकताच नोकरीला लागलेला पंचविशीचा तरुण, पहिली बंदूक घेण्यासाठी टोकियोच्या आमेयोको बाजारात येतो. उएनो आणि ओकाचिमाची या दोन स्थानकांच्या दरम्यान, रेल्वेच्या पुलाला बिलगून, ही गल्ली पसरली आहे. युद्धानंतरच्या टंचाईत येथे काळाबाजार भरत असे. आता सुकी मासळी, चहा, बूट आणि कपडे यांच्या गर्दीतच खेळातील बंदुकांचीही दुकाने आहेत. काचेच्या कपाटांत जगातील सगळ्या सैन्यांची हत्यारे शेजारी शेजारी टांगलेली असतात. ज्या राष्ट्रांचे एकमेकांशी कधी पटले नाही, त्यांच्या रायफली तेथे एकाच खुंटाळ्यावर नांदतात.

तरुणाच्या मनात प्रश्न एकच असतो: सगळ्यांत जोरदार कोणती? नवख्याचा हा स्वाभाविक प्रश्न आहे आणि काउंटरमागच्या वयस्क दुकानदाराने तो असंख्य वेळा ऐकलेला आहे. तो शांतपणे म्हणतो, “जोर सगळ्यांचा सारखाच. तो सरकारने ठरवला आहे. तुम्हाला काय आवडतं ते सांगा.”

हे उत्तर व्यापाऱ्याचे चातुर्य नव्हे. २००५ च्या सुमारास मुद्दाम जोर वाढविलेल्या बंदुकांनी धावत्या गाड्यांच्या काचा फोडल्याच्या घटना घडल्या आणि २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. सहा मिलिमीटर व्यासाच्या छर्ऱ्यासाठी ०.९८ ज्यूल ही मर्यादा ठरली. ०.२० ग्रॅम वजनाचा छर्रा या मर्यादेत सेकंदाला ९९ मीटरच्या आतच राहतो. त्यापलीकडे जाणारी बंदूक नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हा झाला. दहा वर्षांवरील मुलांसाठी असलेल्या बंदुकांचा जोर याहून पुष्कळच कमी. एरवी शस्त्राची निवड म्हणजे शक्तीची निवड; परंतु येथे कायद्याने निवडीतून शक्तीच वगळली. जे उरले ते आकार, वजन, आवाज, हाताला होणारा स्पर्श आणि मनाची ओढ. दुकानदार “काय आवडतं” असे विचारतो, तेव्हा तो याच उरलेल्या गोष्टींविषयी विचारत असतो.

तथापि, आवडीलाही थोडा विवेक लागतो. बंदुका तीन जातींच्या. पहिलीत प्रत्येक बारापूर्वी हाताने स्प्रिंग ओढावी लागते. ती स्वस्त, काही हजार येनांत मिळणारी आणि क्वचितच बिघडणारी. पण समोरचा सलग मारा करीत असताना तिचा धनी अजून स्प्रिंगच ओढत असतो. दुसरी वायूवर चालते. दर बाराला तिचा वरचा भाग मागे सरकतो, हाताला धक्का बसतो आणि खरेपणाचा भास सर्वांत अधिक होतो. मात्र थंडीत वायूचा दाब पडतो आणि जानेवारीच्या सकाळी तिचा सगळा रुबाब गळून जातो. तिसरी विजेची. चाप ओढताच बॅटरीवरची मोटर दंतचक्रे फिरविते, दट्ट्या मागे जाऊन स्प्रिंग आवळली जाते आणि सुटते. बारामाही एकसारखी चालणारी आणि सुटे भाग सहज मिळणारी हीच बंदूक नवख्याने घ्यावी, असे जाणते सांगतात. किंमत मात्र पहिलीच्या कितीतरी पट.

तरुणाला वायूची पिस्तूल मोह घालते. कुठल्याशा चित्रपटात पाहिलेल्या नायकाच्या हातात तीच होती. दुकानदार ती त्याच्या हातात देतो, मग विजेची एक आखूड रायफल देतो आणि खांद्याला लावायला सांगतो. दस्ता खांद्यात बसतो की नाही, गाल टेकल्यावर डोळा सरळ नेमावर येतो की नाही, तीन किलोंच्या आसपासचे हे ओझे दिवसभर पेलवेल की नाही, हे प्रश्न चित्रपटात येत नाहीत. नळीच्या मुळाशी असलेली एक छोटी योजनाही तो दाखवितो. तिला ‘हॉप-अप’ म्हणतात. सुटणाऱ्या छर्ऱ्याला ती उलटी फिरकी देते, त्यामुळे तो हवेत तरंगत लांब जातो. फिरकी कमी पडली तर छर्रा लवकर खाली येतो आणि जास्त झाली तर वर उसळतो. बंदुकीचे मोल तिच्या जोरात नसून या सूक्ष्म जुळणीत आहे, हे तरुणाला तेथे प्रथमच कळते.

अखेरीस तो रायफल ठरवितो. परंतु दुकानदार तिच्याआधी दुसरीच वस्तू पुढे ठेवतो: डोळ्यांना चहूबाजूंनी झाकणारा संरक्षक चष्मा. “बंदूक मैदानावर भाड्यानंही मिळते,” तो म्हणतो, “डोळे मिळत नाहीत.” कायद्याने बांधलेला हा क्षीण जोरही डोळा निकामी करण्यास पुरेसा आहे. चष्म्यानंतर येतो पेटारा. मैदानापर्यंत बंदूक त्यात बंद राहावयाची. गाडीत शेजारी बसलेल्या प्रवाशाला ती खेळातली आहे हे कळणार कसे? त्याला होणारी भीती खरी असेल. प्रतिकृती जितकी उत्तम, तितकी तिच्या मालकाची जबाबदारी वाढते.

खेळाचा खरा प्रश्न मात्र दुकानात कुठेच टांगलेला नसतो. रंगाच्या गोळ्यांच्या खेळात अंगावर डाग उमटतो आणि वाद मिटतो. हा छर्रा डाग ठेवीत नाही. जाड बाहीवर तो टक् करून आपटतो आणि पाचोळ्यात नाहीसा होतो. लागले की नाही हे मारणाऱ्याला दिसत नाही, पंचालाही बहुधा दिसत नाही. ते ज्याला लागले त्यालाच ठाऊक. म्हणून नियम असा, की ज्याला लागले त्याने हात उंचावून “हिट” असे ओरडावे आणि मैदानाबाहेर जावे. जो लागूनही खेळत राहतो त्याला तेथील खेळाडू ‘झोंबी’ म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मेला आहे, पण मेल्याचे कबूल करीत नाही, असा तो. मृत्यूचे नाटक करणाऱ्या या खेळात सर्वांत मोठा दोष मरण्याचा नाही, मेलो नाही असे भासविण्याचा आहे. एकाने असे केले की समोरच्याचा स्वतःच्या नेमावरचा विश्वास उडतो, तोही मग लागलेले पचवू लागतो आणि दुपारपर्यंत सगळे मैदान अमर होऊन बसते. अमर झालेल्या माणसांना खेळता येत नाही.

टोकियोच्या पूर्वेकडील चिबा प्रांतात अशी मैदाने पुष्कळ आहेत. तेथील एका रानात, सकाळी छर्ऱ्याचा वेग यंत्राने मोजून झाल्यावर आणि त्याच्या बंदुकीवर तपासणीची चिठ्ठी चिकटल्यावर, तरुण आपला पहिला डाव खेळतो. मातीत विरून जाणारे छर्रे वापरण्याची तेथे सक्ती आहे. झाडामागे दबून बसले असता त्याच्या कोपराजवळ काहीतरी हलकेच आपटते. फांदी असेल, किंवा नसेल. आजूबाजूला कोणी नाही. समोरच्या झुडपात हालचाल आहे, नेम पक्का आहे, आणि एवढी किंमत मोजून घेतलेल्या बंदुकीतून अद्याप एकही छर्रा सुटलेला नाही.

त्याला फांदी नव्हती हे माहीत असते. तो हात वर करतो. “हिट!” हा शब्द त्याच्या तोंडून जरा मोठ्यानेच निघतो. बंदूक न झाडताच, नळी जमिनीकडे करून, तो मैदानाच्या कडेने परत चालू लागतो. झुडपातून एक अनोळखी हात क्षणभर वर येऊन त्याची दखल घेतो. पुढचा डाव वीस मिनिटांनी असतो.