माझी नवी रोजकीर्द

माझ्या आयुष्यातलं पहिलं अपयश वांग्याच्या रूपानं आलं. साल १९६६. मी सहावीत होतो. चित्रकलेच्या मास्तरांनी टेबलावर एक वांगं ठेवलं आणि "समोर दिसतं तसं काढा," एवढं सांगून ते खिडकीपाशी तंबाखू मळत उभे राहिले. मी वांगं काढलं. देठ काढलं, देठावर काटे काढले, जांभळा खडू बोटाला लागेपर्यंत झिजवला. मास्तर हिंडत हिंडत माझ्यापाशी आले. कागद त्यांनी लांब धरला, जवळ धरला, उलटा धरला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय रे, हे समोरचं बघून काढलंस, की घरी खाल्लेलं आठवून?"

वर्ग हसला. मीही हसलो, दुसरं करणार काय? पण देवानं आपल्याला बोटं दिली आहेत ती आकडे लिहायला, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं. पुढं झालंही तसंच. पिंपरीला एका बँकेत पस्तीस वर्षं कीर्द आणि खतावणी केली, आणि २०१५ साली शाल, श्रीफळ नि घड्याळ घेऊन घरी आलो. मास्तरांचा तो प्रश्न किती नेमका होता हे कळायला मात्र मला सत्तावन्न वर्षं लागली.

त्याचं असं झालं. २०२२ च्या मार्चमध्ये मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब पाहिला, आणखी काही पाहिलं आणि एका यंत्रापुढं मला बसवलं. एका पांढऱ्या अर्धगोलापुढं हनुवटी टेकून बसायचं, एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं मधल्या खुणेवर नजर खिळवायची, आणि आजूबाजूला कुठंही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातली कळ दाबायची. मी मोठ्या उत्साहानं कळ दाबत होतो. परीक्षेत पहिला येणार अशीच माझी समजूत होती. थोड्या वेळानं डॉक्टरांनी छापलेला कागद पुढं केला. माझ्या डाव्या डोळ्याच्या नजरेचा तो नकाशा होता आणि त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दौत लवंडावी तसा काळा डाग पडला होता.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले.

"पण मला तर सगळं दिसतंय!"

"तसंच वाटतं. दिसत नाही तेवढा भाग मेंदू आपल्या अंदाजानं भरून काढतो. म्हणून तर लोक उशिरा येतात." गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकून डोळ्यातला दाब उतरवायचा आणि उरलेली नजर सांभाळायची, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

मी हिशेबनीस माणूस. मला त्या डागापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. तिजोरीतून रोज थोडी थोडी रक्कम जावी आणि ताळेबंद मात्र दर महिन्याला बिनचूक जुळावा, असा हा प्रकार होता! आठ दिवस मी घरात काही बोललो नाही. रात्री उजवा डोळा झाकून पंख्याची पाती मोजत पडायचा. नवव्या रात्री अंधारातून सौ.चा आवाज आला, "अहो, तीनच आहेत. काय झालंय ते सांगा आता."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ थेंब टाकण्याचं काम तिनं आपल्याकडं घेतलं. पण थेंब टाकून झाल्यावर डोळे मिटून पडलं की मनात नको नको ते यायचं. मुलीच्या हे लक्षात आलं असावं. २०२३ च्या पावसाळ्यात तिनं मला न विचारता एका वर्गात माझं नाव घातलं. निसर्गातलं जे दिसेल त्याचं चित्र काढायचं आणि त्याशेजारी नोंद लिहायची, असा तो वर्ग. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, संगणकाच्या पडद्यावर.

पहिल्या दिवशी आमच्या घरात लग्नघाई उडाली. हातातली पेन्सिल सगळ्यांना दिसावी म्हणून मोबाइल उंचावर आडवा ठेवायचा होता. तो डाळीच्या दोन डब्यांवर पोळपाट टाकून त्यावर बसवला. पडद्यावर चौदा चौकटी उघडल्या. एक गृहस्थ दुबईचे, एक बाई रत्नागिरीच्या, एक अकरा वर्षांचा मुलगा नागपूरचा, आणि शिकवणारी मुलगी माझ्या नातीहून फार तर दहा वर्षांनी मोठी. ती मला काका म्हणू लागली. मी तिला बाई म्हणू लागलो. शिकवतो तो गुरू, मग वय काही असो. मी माझी ओळख करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, तुमचा आवाज बंद आहे." स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "चाळीस वर्षं मला हे जमलं नाही!"

पहिला धडाच विलक्षण होता. जास्वंदीचं पान समोर ठेवायचं आणि कागदाकडं मुळीच न बघता त्याची कड काढायची. डोळा पानाच्या कडेवरून मुंगीसारखा चालवायचा आणि डोळा जितका सरकेल तितकीच पेन्सिल सरकवायची. मी चोरून कागदाकडं बघितलं. बाईंनी ते पकडलं. पुन्हा काढलं. निघालं ते पान कोकण किनाऱ्याच्या नकाशासारखं होतं. मी शरमून गेलो; पण बाई म्हणाल्या, "काका, पहिल्या चित्रात तुम्ही 'पान' हा शब्द काढला होता. हे वेडंवाकडं आहे खरं, पण ते या पानाचं आहे."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिलं पान सुबक होतं, दोन्ही बाजूंनी सारखं. दुसऱ्याच्या डाव्या कडेला किडीनं खाल्लेली खाच होती. ती समोरच्या पानालाही होती आणि पहिल्यांदा काढताना मला ती दिसली नव्हती. मला एकदम डॉक्टरांचं बोलणं आठवलं. दिसत नाही ते मेंदू अंदाजानं भरून काढतो! म्हणजे हा कारभार नुसत्या डाव्या डोळ्यापुरता नव्हता, आणि गेल्या दोन-चार वर्षांचाही नव्हता. वांग्यापासून चालत आला होता.

हळूहळू मी शिकत गेलो. फांद्या काढणं जमेना तर फांद्यांमधल्या आभाळाचे तुकडे काढावेत. फांद्या आपोआप उमटतात. हात लांब करून पेन्सिलीनं माप घ्यावं. डबीतला तयार हिरवा रंग झाडाला लावला तर झाड सर्कशीतलं वाटतं. पिवळ्यात निळा मिसळून त्यात तांबड्याचा अगदी थेंब टाकला की तो हिरवा जमिनीवर येतो. जलरंगात फिक्याकडून गडदाकडं जायचं आणि पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा. हे कोरं सोडणं मला फार अवघड गेलं. बँकेत रिकाम्या जागेवर आम्ही आडवी रेघ मारीत असू!

नोंदी मात्र मला पहिल्याच दिवशी जमल्या. वर तारीख, वेळ, जागा, हवा. खाली तीन सदरं: मला काय दिसलं, मला काय प्रश्न पडला, आणि यावरून काय आठवलं. जॉन म्यूर लॉज नावाच्या कॅलिफोर्नियातल्या चित्रकार-शिक्षकानं ही तीन सदरं लोकप्रिय केली, असं बाईंनी सांगितलं. मी सौ.ला म्हटलं, "अगं, ही तर रोजकीर्द!" निवृत्त झाल्यावर आठ वर्षांनी मी पुन्हा कीर्द लिहायला बसलो.

ऑक्टोबर आला. आमच्या इमारतीसमोर एक सातवीण आहे. दिवाळीच्या सुमारास तिचे पांढुरके हिरवट झुपके फुलतात आणि रात्री वास असा दाटतो की काहींना तो आवडतो नि काहींचं डोकं दुखतं. मी खिडकीत बसून तिची फांदी काढली. सातवीणच ती, म्हणून प्रत्येक झुबक्यात सात-सात पानं छत्रीसारखी मांडली आणि रविवारी अभिमानानं पडद्यावर धरली. नागपूरच्या मुलानं हात वर केला. "आजोबा, सगळीकडे सातच कशी?"

"बाळ, नावच सातवीण आहे," मी म्हटलं.

"पण तुम्ही मोजली का?"

सोमवारी सकाळी वही घेऊन मी खाली उतरलो. पहिला झुबका सहाचा निघाला. दुसरा सातचा. तिसरा पाचचा. खालच्या फांद्यांवरचे वीस झुबके मोजले. सातचे भरले आठ. एकवीस वर्षं त्या झाडाखालून मी जातो-येतो आहे! घरी आलो आणि मोठा शोध लावल्याच्या थाटात सौ.ला सांगितलं. ती कपडे वाळत घालीत होती. दांडीवरून हात न काढता ती म्हणाली, "या गॅलरीसमोरच्या फांदीला आठ आहेत. रोज समोरच असतात की."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. आठ होती.

या झाडाचं शास्त्रीय नाव अल्स्टोनिया स्कोलॅरिस. त्याच्या मऊ लाकडाच्या पाट्या करून त्यावर मुलं लिहायची, म्हणून ते 'स्कोलॅरिस', म्हणजे शाळेचं झाड. मला त्या दिवशी ते नाव फार योग्य वाटलं.

असाच दुसरा धक्का दापोडीनं दिला. एकदा बाईंनी पडद्यावर काही जुनी चित्रं दाखवली. पानाची शीर न् शीर, कळीचा देठ, फुलाचा उलगडा. पाहतच राहावं अशी. दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पतिबाग होती. तिथले अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरांनी १८४७ ते १८५० या काळात एका एतद्देशीय चित्रकाराकडून दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. आज ती एडिंबरोच्या वनस्पतिबागेच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी. पस्तीस वर्षं मी या वाटेनं लोकलनं गेलो. दापोडी आली की पेपर घडी करून पिशवीत घालायचा, एवढाच माझा त्या गावाशी संबंध. आणि तिथंच कुणीतरी एका फुलापुढं तासन् तास बसलं होतं! त्याचं नाव गेलं, गाव बदललं, बाग गेली. त्यानं पाहिलं तेवढं मात्र राहिलं.

त्या रात्री मी एक धाडस केलं. इतके दिवस टाळत आलो होतो ते. दुसऱ्या दिवशी सकाळी उजान उजवा डोळा रुमालानं बांधला, सातविणीच्या बुंध्यावरच्या एका गाठीवर डावी नजर खिळवली, यंत्रापुढं खिळवतात तशी, आणि दिसेल तेवढंच काढलं. वर उजवीकडं, जिथं ती आठ पानांची फांदी असायला हवी, तिथं अंधार नव्हता. नुसतं धूसर होतं आणि मग काहीच नव्हतं. माझा हात सवयीनं फांदी काढायला गेला. मी तो आवरला. तिथं कागद कोरा सोडला. खाली लिहिलं: 'ता. ३० ऑक्टोबर २०२३, सकाळी साडेसात. स्वच्छ ऊन. वरचा उजवा कोपरा दिसत नाही.'

आश्चर्य असं, की ते लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. तूट होती तेवढीच होती. पण आता ती वहीत नोंदलेली होती, आणि नोंदलेल्या तुटीला हिशेबनीस घाबरत नाही. वही मी डॉक्टरांना दाखवली. ते हसले, म्हणाले, "मोजायचं काम यंत्राला करू द्या. पण वही सोडू नका." यंदाच्या तपासणीत डाग वाढलेला नाही. पुढच्या वर्षीचं मला ठाऊक नाही. पण वहीचा हा चौथा खंड चालू आहे आणि कोऱ्या कोपऱ्याचं ते एक पान सोडलं तर बाकी सगळी जमेची बाजू आहे: बुलबुलाचं घरटं, भिजलेली चिमणी, शेवाळ, मुंग्यांची रांग, आणि हो, एक वांगंही. ते मात्र खरंच समोर बघून काढलं आहे. मास्तर आता नाहीत, नाहीतर दाखवलं असतं.

गेल्या दिवाळीची गोष्ट सांगून संपवतो. नरकचतुर्दशीची पहाट. अंगाला तेल लागलेलं, बाहेर पणत्या, सातविणीचा वास, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर कारीट ठेवलेलं. लहानपणापासून दरसाल मी ते डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडत आलो आहे. त्या दिवशी पाय उचलला आणि तसाच राहिला. ते छोटंसं लांबट फळ, त्याच्यावरचे फिके-गडद हिरवे पट्टे देठापासून निघून टोकाशी मिळत होते. सत्तर दिवाळ्यांत मी हे कधी पाहिलंच नव्हतं. दरवेळी नरकासुरच पाहिला होता.

तेलकट हातानं मी ते उचललं आणि दिव्याखाली जाऊन बसलो.

"अहो, पाणी निवतंय!" आतून हाक आली.

"आलोच," मी म्हटलं, "दोन पट्टे राहिलेत."

थोड्या वेळानं ती स्वतःच बाहेर आली, माझ्या खांद्यावरून वाकून वहीत बघितलं आणि म्हणाली, "दोन नाही, तीन राहिलेत."