वाळली की मुकी

नाशपातीचा हंगाम आणि सुरतेचा पावसाळा एकदमच येतात, त्यामुळे उन्हात वाळवण्याचं नावच काढायला नको. ड्रायर लागतोच. पण माझं गाऱ्हाणं ड्रायरचं नाही, वासाचं आहे. फोडी वाळतात, गोडी राहते, आणि ज्या वासासाठी नाशपाती घ्यायची तो पाण्याबरोबर उडून जातो. सफरचंद निमूटपणे वाळतं, अननस तर वाळल्यावर जास्तच बोलतो. नाशपाती वाळली की मुकी.

सरदार मार्केटात आधी येते ती पंजाबची पत्थरनाख. कडक, रवाळ, कापायला सुरेख. ट्रेवरून उचलताना चकती मोडत नाही आणि बरणीत अशी शोभते की गिऱ्हाईक तिच्यावरच भाळतं. वास मात्र नावाला. बब्बूगोशा मागून येतो, काश्मीरचा. देठापाशी अंगठ्याने दाबून पाहावा. तिथे जरासा दबला की आतून तयार झाला. नाशपाती पिकते आतून बाहेर, म्हणून अंगाने मऊ व्हायची वाट पाहिली तर गाभा तपकिरी झालेला सापडतो. मधला जेमतेम एक दिवस आपला. त्या दिवशी वीज गेली तर घरच्यांनी खायचा.

असा बब्बूगोशा कापला की खोली भरते. 60 अंशांवर ठेवला की खोली आणखी भरते आणि चकतीत काही उरत नाही. वास शेजाऱ्यांना, चोथा मला. 55 वर आणलं, 50 वर आणलं. वेळ वाढला, बिल वाढलं, चकत्या काळवंडल्या. लिंबाच्या पाण्यात बुडवून रंग वाचतो, वास नाही. मग साल वेगळी वाळवायला लागले. वासाचा बराच भाग सालीतच असतो, तिचा चुरा माझ्या फळांच्या चहाच्या मिश्रणात घातला की कपाच्या तोंडाशी काहीतरी हलतं. काहीतरी. पहिल्या घोटानंतर तेही नाही.

बाकीच्या जिनसांचं फारसं सांगण्यासारखं नाही: सफरचंद बैठकीला, दालचिनी, एखादी लवंग. भांडण आहे ते अंबाडीशी. लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं घातली की कपाला रंग येतो, आंबटपणा येतो, आणि नाशपाती संपते. तिच्यापेक्षा मला लीली चा बरा, आपला गवती चहा. इथे भाजीवाल्याकडे फुदिन्यासोबत त्याची जुडी मिळते. तो लिंबाची आठवण देतो, जीभ आंबवत नाही, आणि नाशपातीच्या डोक्यावर बसत नाही. पण रंग देत नाही, आणि गिऱ्हाइकाला काचेच्या कपात लाल दिसायला हवं असतं.

मोठ्या दुकानांतल्या देखण्या डब्या मी विकत आणून पाहते. झाकणावर पिवळीधमक नाशपाती. मागे घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणून खोटं बोलायला जागा कमी. सफरचंद पहिलं, अंबाडी दुसरी, नाशपाती कुठेतरी तळाशी आणि शेवटी फ्लेवर. स्वस्त नाशपाती-अर्कात बहुधा आयसोअमाइल ॲसिटेट असतं. केळ्याच्या वासातही तेच. मी जळगावकडची, मला त्या डबीतून केळंच येतं. पिकल्या बब्बूगोशाचा खरा वास देणारी द्रव्यं निराळी, आणि तीच तर ड्रायरमधून पळतात. तरी या डब्या माझ्यापेक्षा जास्त खपतात, हे मला झोंबतं.

अर्काची बाटली मी कधी घरात येऊ दिली नाही. याचा मला इतका अभिमान की गिऱ्हाईक सापडलं की सुटका नाही. त्यात ओव्हिंग्टनही येतो. 1689 साली इंग्लंडहून निघून सुरतेला आलेला हा इंग्रज पाद्री लिहून गेला आहे की इथले बनिये चहाच्या पाण्यात मसाले उकळत, खडीसाखर घालत, मुरवलेली लिंबं घालत. म्हणजे सुरतेच्या चहात फळ तीनशे वर्षांपूर्वीचं, असं मी ऐटीत सांगते. तो चहा चीनमधून आलेला आणि माझ्या डबीत चहाची पत्तीच नाही, हे तेवढं सांगत नाही.

आता नाक मंदावलंय. लवंग कळते, दालचिनी कळते. नाशपाती आहे की नाही ते कळत नाही. उधन्याहून भाची येते, तिच्यापुढे कप सरकवायचा आणि तोंडाकडे पाहत बसायचं. "मावशी, वास येस का?" असं ती मलाच विचारते, आणि मी मान डोलावते. ज्या वासासाठी बाटली नाकारली तो आता मी ऐकीव माहितीवर विकते.

तिनेच परवा वाळलेल्या चकत्या तव्यावर टाकल्या. मला न विचारता. नाशपातीत फ्रुक्टोज भरपूर, ती लवकर तांबूस होते; क्षणभर मागे राहिलात तर कडू. तिने नेमक्या वेळी उतरवल्या. कपात ताज्या फळाचा वास आला नाही, भाजक्या गुळासारखा दुसराच आला, पण तो मलासुद्धा आला. आणि रंग आला, मधासारखा, अंबाडीशिवाय. दुकानात मी तो चहा माझी नवी युक्ती म्हणून सांगितला. ती मागेच उभी होती, काही बोलली नाही.

तरी मी हट्ट सोडलेला नाही. भाजणं म्हणजे वाट बदलणं. पळालेला वास त्याने परत येत नाही. यंदा बब्बूगोशाच्या साली 40 अंशांवर, पंख्याचा जोर वाढवून वाळवायच्या आहेत. भाची म्हणते बुरशी धरेल. धरेलही. लीली चाच्या दोन जुड्या मात्र मी आधीच सांगून ठेवल्यात.