आधी लय, मग सूर

पाऊस पडून गेल्यावर पाथर्डीच्या शिवारात, बाजरीच्या बांधावर रेकॉर्डर ठेवला, की त्यात अनेक जातींचे रातकिडे एकदमच उतरतात. नवखा माणूस आवाज किती मोठा, किती स्वच्छ, एवढंच पाहतो. मला मात्र वाटतं, की या कामात आधी जपायची ती दोन स्पंदांमधली शांतता. मादी आपल्या जातीचा नर ओळखते ती मुख्यतः त्या शांततेच्याच आधारे. नराच्या एका पंखावर बारीक दात्यांची, कानशीसारखी शीर असते. पंख मिटताना दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासते आणि आवाज होतो, तोच एक स्पंद. उघडताना होत नाही. मादीचे कान तिच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली असतात. १९१३ मध्ये योहान रेगेन यांनी नराचं गाणं टेलिफोनवरून ऐकवलं, तर मादी रिसीव्हरकडे चालत आली. नर दिसत नव्हता, त्याचा वासही नव्हता, आवाज पुरला.

मग सुराचं काय? त्याचा वाटा आहेच. भारतातही आढळणारा दोन ठिपक्यांचा रातकिडा ५ किलोहर्ट्झच्या आसपास गातो आणि मादीचा कान तिथेच तल्लख असतो. पण त्याच पट्टीजवळ इतर जातीही गातात. निवड ठरते लयीवर. एवढासा मेंदू मिलिसेकंद कसे मोजणार, ही शंका रास्त आहे. बर्टहोल्ड हेडविग आणि श्टेफान श्योनाइख यांनी २०१५ मध्ये तिचं उत्तर दिलं: अवघ्या पाच चेतापेशींचं जाळं. स्पंदाची खबर एका वाटेने थेट जाते, दुसरीने सुमारे ४० मिलिसेकंद उशिरा. पुढचा स्पंद नेमका तेवढ्या अंतराने आला, तरच दोन्ही खबरा एकत्र येतात आणि ओळख पटते. मोजणी अशी करावीच लागत नाही.

याहून अवघड आक्षेप हवामानाचा. गारवा वाढला की गाणं संथ होतं; मग लयीवर विसंबायचं कसं? वृक्ष-रातकिड्यांच्या अभ्यासात दिसलं, की गारव्यात मादीची आवडही संथ लयीकडे सरकते. दोघंही एकाच हवेत असतात, म्हणून मेळ टिकतो. म्हणूनच तापमानाची नोंद नसलेलं ध्वनिमुद्रण मी अपुरं मानतो. माइक नराच्या जवळ हवा, नाहीतर प्रतिध्वनी मधल्या फटी बुजवतात. आणि नंतर खरखर काढण्याच्या हौसेपायी त्या फटींना धक्का लागता कामा नये. आपल्या कानाला सुखावणारं मुद्रण मादीला ओळखू येणार नसेल, तर ते त्या जातीचं गाणं उरत नाही.