घर पाहावं बांधून

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. काही जण लग्न आधी म्हणतात आणि घर नंतर, आणि त्याने कुणाचं काही अडत नाही. अर्थ ठरलेला आहे. दोन्ही कामांत पैसा पाण्यासारखा जातो, माणसांची पारख होते, आणि स्वतः उतरल्याशिवाय कशाचाच अंदाज येत नाही. पेडण्याला माझ्या माहेरी ही म्हण कायम उसाशाबरोबर यायची. गवंडी दोन दिवस फिरकला नाही की वडील ती म्हणायचे. मांडववाल्याने आगाऊ पैसे मागितले की आई म्हणायची.

मला हल्ली त्या म्हणीतला क्रम छळतो आहे. आमच्या बाबतीत लग्न आधी झालं आणि घर बांधायची वेळ आलीच नाही. सासरी डिचोलीला आजेसासऱ्यांनी बांधलेल्या चिऱ्यांच्या घरात मी माप ओलांडून गेले. पुढे नोकऱ्यांपायी म्हापशाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. दोन्हीकडे भिंती आधीपासून उभ्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी कुठे असावी हे मी ठरवलेलं नाही, दाराची कडी किती उंचीवर असावी हे नवऱ्याने ठरवलेलं नाही. आम्ही दोघांनी एकेक टोक धरून मिळून उभं केलेलं पहिलं घर कापडाचं होतं, आणि ते सकाळी मोडलं.

मग ते त्या म्हणीत बसतं का? बसत नसेल तर कशामुळे? खर्च आला नाही म्हणून? टिकलं नाही म्हणून? पण म्हणीत टिकण्याचा उल्लेखच नाही. घरात राहून पाहावं असं ती म्हणत नाही, लग्न निभावून पाहावं असंही म्हणत नाही. जे कळायचं ते उभारतानाच कळतं, असा तिचा भरवसा दिसतो. तो भरवसा कुठून आला असेल? ज्यांनी ही म्हण केली त्यांची घरं मातीची आणि गवताने शाकारलेली असणार. दर पावसाळ्याआधी छप्पर नव्याने करावं लागत असणार. म्हणजे बांधणं हे आयुष्यात एकदा उरकायचं काम नव्हतंच. दर वर्षी दोघांनी पुन्हा हात लावायचा, एकाने खालून पेंढ्या फेकायच्या, दुसऱ्याने वरून झेलायच्या. असं असेल तर लग्नालाही तोच नियम त्यांनी लावला असेल का? की हा अर्थ मीच तिच्या गळ्यात बांधते आहे, मला तो आज हवा आहे म्हणून?

नवऱ्याला खरं तर केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली, समोर तेरेखोलचा किल्ला ठेवून रात्र काढायची होती. पण पर्यटनस्थळी उघड्यावर चूल पेटवायला गोव्यात २०१९च्या कायदादुरुस्तीने बंदी आली. तेव्हा एकट्यादुकट्याला २,००० आणि घोळक्याला १०,००० रुपये दंड ठरला होता. मला तो नियम पटतो. असल्या मेजवान्यांनंतर वाळूत उरलेल्या फुटक्या बाटल्यांमुळे अनवाणी चालणं सोडून दिलेल्या पिढीतली मी आहे. म्हणून आम्ही डिचोली तालुक्यातल्या सासरच्या काजूच्या बागायतीत गेलो. दिवाळी होऊन गेली होती, गवत पिवळं पडलं होतं, आणि सड्यावरचा जांभा इतका कठीण झालेला की तंबूचा एकही खुंटा आत शिरेना. शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या. काजूंच्या खाली काळपट पडलेले बरेच चिरे पडून होते, तेच ओढून आणले. लवचीक काठ्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेताना एकाने एक टोक रोवून धरायचं आणि दुसऱ्याने पलीकडून वाकवायचं. 'धर', 'थांब', 'आता सोड' यापलीकडे बोलणं झालं नाही. घरी आम्ही याहून पुष्कळ बोलतो, आणि ते इतकं नीट पोहोचत नाही.

रात्री थंडी पडली. पहाटे मी आतून कापडाला हात लावला तर ओल हाताला लागली. बाहेर दव होतंच, पण आतली ओल दवाची नव्हती. बंद तंबूत माणसाच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि तिचं पाणी होतं. आम्ही दोघांनी रात्रभर सोडलेला श्वास तिथे जमला होता, आणि त्यातला कुठला थेंब कुणाचा ते सांगायची सोय नव्हती. मला ते पुसवेना. नवऱ्याने पुसलं, कारण ओला तंबू घडी केला की कुजतो, आणि त्याचंही बरोबर होतं.

नवऱ्याच्या धाकट्या काकी दुसऱ्या दिवशी भेटल्या तेव्हा त्यांनी एकच विचारलं: "घर आसतना भायर कित्याक न्हिदतात?" मला उत्तर सुचलं नाही, आणि त्यांनाही ते नको होतं. त्या आपल्याच आठवणीत शिरल्या. लग्न झाल्यावर बरीच वर्षं काजूच्या हंगामात काका आणि त्या त्याच डोंगरावर मुक्कामाला असत. विणलेल्या चुडतांची खोंप घालायची. दिवसभर बोंडू वेचायचे, बिया पिळून वेगळ्या करायच्या, बोंडू तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा आणि भाटी लावायची. पहिल्या खेपेचा हुर्राक, तोच पुन्हा लावला की फेणी. भाटीचा जाळ कमीजास्त होऊन चालत नाही, म्हणून रात्री आळीपाळीने जागायचं. आम्ही ज्या काळपट चिऱ्यांना दोऱ्या बांधल्या ते त्यांच्या भाटीच्या चुलीचे होते. खाली घरात तेव्हा मोठं कुटुंब. सासूसासरे, दीर, जावा, पोरंबाळं, आणि नवराबायकोने दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. काकी म्हणाल्या, "थंय आमी दोगांच आसतालीं."

हे वाक्य मी कित्येकदा मनात फिरवलं आहे. आणि दर वेळी त्याच्यामागून भूतनाथ येतो. का येतो ते मला सांगता येणार नाही, पण आता त्याला थांबवतही नाही.

पेडण्याची पुनव कोजागिरीला असते. भगवतीच्या देवळाजवळ, त्या दोन काळ्या दगडी हत्तींच्या आसपास माणसांचा महापूर येतो. रवळनाथ आणि भूतनाथ यांची रंगीत लुगड्यांनी सजवलेली तरंगं निघतात. भूतबाधा झालेल्यांना त्या रात्री देवासमोर आणतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी ते पाहिलं तेव्हा लोकांना भीती भुतांची वाटायची, मला मात्र भूतनाथाबद्दल वाईट वाटायचं. कारण त्याला देऊळ नाही. कथा सांगतात ती अशी की त्याला एका रात्रीत बांधून पुरं झालेलं देऊळ हवं होतं, आणि काम संपायच्या आत उजाडलं. म्हणून दर पुनवेला तो रागावतो, देऊळ कुठे आहे विचारतो आणि रानाकडे धाव घेतो. लोक त्याला आवरतात, समजूत काढतात, बांधू म्हणून वचन देतात. तो परत येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आज यंत्रं आहेत. ठरवलं तर एका रात्रीत देऊळ उभं राहू शकेल. तरी कुणी तसं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मोठी झाल्यावर मला वाटायला लागलं की ते न बांधण्यातच शहाणपण आहे. देऊळ झालं तर तो रागावणार नाही, धावणार नाही, आणि त्याला मिठी मारून थांबवायचं कुणाला कारण उरणार नाही. काकींची खोंपही दर वर्षी मोडत होती आणि दर वर्षी नव्याने घालावी लागत होती. मला हे जुळताना दिसलं आणि मी सुखावले.

पण ते इतकं सरळ जुळत नाही. डिचोलीतल्याच नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. तो मूळचा नदीपलीकडचा, दिवाडीचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं आणि भक्तांनी लिंग लपवून अलीकडे आणलं. शंभरएक वर्षं त्या देवाने परक्या गावात काढली, आणि शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला. त्या मधल्या काळात कुणी म्हटलं असेल का, की असंच राहू दे, यातच खरी भक्ती आहे? मला नाही वाटत. ज्याचं घर पाडलेलं असतं त्याला घरच हवं असतं. मोप्याच्या पठारावरून विमानतळासाठी धनगरांची कुटुंबं उठवली गेली. त्या रस्त्याने जाताना मजुरांच्या निळ्या ताडपत्र्या दिसतात. आत माणसं स्वयंपाक करत असतात, पोरं दाराशी खेळत असतात. त्यांचं छप्परही कापडाचं आहे, त्याच्याही आतल्या बाजूला पहाटे श्वासाचं पाणी जमत असणार. त्या धनगरांसमोर किंवा या मजुरांसमोर मोडणाऱ्या घराचं कौतुक करायची माझी हिंमत होणार नाही. आणि जे त्यांच्यासमोर बोलता येत नाही ते इथे तरी लिहावं का?

भूतनाथालाही कदाचित नुसतं देऊळ हवं आहे. त्याच्या धावण्यात आम्ही जे पाहतो ते आम्हाला सोयीचं आहे म्हणून पाहतो, असंही असेल.

काकींना मी नंतर विचारलं, खोंपीची आठवण येते का. त्या चटकन म्हणाल्या, नाही. पाऊस अवेळी आला की रात्रभर भिजत बसावं लागे, साप येत, मोठा मुलगा तान्हा असताना तिथेच तापाने फणफणला होता. हातात पैसे आले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर डोंगरावर जाणं बंद केलं. हे सांगतानाही त्यांच्या आवाजात तीच ठाम खात्री होती, जी 'दोगांच' म्हणताना होती. दोन्ही खरं आहे म्हणून मोकळं व्हावं तर माझं समाधान होत नाही, कारण त्यांनी दोहोंतून एक निवडलं होतं. आणि माझ्यासमोर निवडायला तसं काही कधी आलेलंच नाही.

नवऱ्याने सध्या डिचोलीजवळ एक जागा पाहिली आहे. कर्जाचा हिशेब त्याने कागदावर मांडून ठेवला आहे, आणि खिडक्या कुठे हव्यात ते मी सांगावं म्हणून मागे लागला आहे. इतके दिवस मला जे हवं होतं तेच तो विचारतो आहे, आणि मी कागद पुढ्यात घेऊन बसले की दुसरंच काहीतरी आठवत राहतं. काकींना एकदा पुन्हा विचारावं असं वाटतं. नेमकं काय विचारायचं ते अजून ठरत नाही.