आवाज थोडा कमी करा

चि. भाच्यास,

तू जालन्याच्या हॉटेलात शनिवार-रविवार गाणार असल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला.

हॉटेलातल्या गायकाला दाद मिळण्याआधी वेटरचा निरोप मिळतो, ‘सहा नंबरचे म्हणतात, आवाज कमी करा.’ गायकानं रागावू नये. स्टीलचा व्यापारी, बियाण्यांचा डीलर, लेकराबाळांसह आलेलं कुटुंब, सगळे जेवायला येतात तसे बोलायलाही येतात. सळईचा भाव ओरडून सांगायची वेळ आली की गझल त्यांना नकोशीच होणार.

निरोप आला की बरेच गायक मास्टर व्हॉल्यूम खाली ओढतात. मग मागच्या टेबलांना शब्दच कळत नाहीत आणि सहा नंबरला ट्रेबल टोचतच राहतो. जाणता गायक मध्यंतरात उठून त्या टेबलाजवळ उभा राहतो. स्पीकरच्या बॉक्सचं तोंड थेट तिथंच वळलेलं, बाजूला काच, खाली गुळगुळीत फरशी! मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे सगळा मार पुढच्याच टेबलाला. बॉक्स स्टँडवर डोक्यांच्या वर चढवला, थोडा वळवला, ट्रेबल उतरवला, की बहुतेक वेळा मास्टरला हात लावावा लागत नाही. ‘दादा, आता बरंय का?’ एवढं विचारलं, तर त्याच टेबलावरून फर्माईशही येते.

गर्दीचा सापळा वेगळा. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्येच मांडलं होतं. गायक चढला की टेबलं चढतात, टेबलं चढली की गायक. ही चढाओढ गायकानंच सोडावी. एखादी संथ चीज घ्यावी, तबला हलका ठेवावा.

गच्चीवर किंवा लॉनवर गाणाऱ्यानं घड्याळही पाहावं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर सहसा चालत नाही. व्यापारी भागाची मर्यादा दिवसा ६५ डेसिबल, रात्री ५५; निवासी भागाची ५५ आणि ४५. शेजारच्या घरात परीक्षेला बसलेलं पोर असतं, आजारी म्हातारं असतं. त्यांच्याकडून कोणता वेटर निरोप आणणार?

पहिल्या शनिवारी मी येतोय. सहा नंबरलाच बसेन. टोचलं तर हातानं खूण करीन.

तुझा,
मामा